लहान विमान, लांबचा प्रवास आणि आपली पोटरी

तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका वाचकांचे पत्र आले आहे. वय ६४, रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. मुलगा नोकरीनिमित्त नैरोबीत असतो. त्याने आई-वडिलांची मुंबई ते नैरोबी तिकिटे काढली आहेत. गृहस्थ लिहितात, ‘विमान लहान आहे, मधे एकच वाट आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या आहेत असे समजले. असे विमान समुद्रावरून सहा तास जाते का? शेजारी म्हणतात, लहान विमानात प्राणवायू कमी पडतो. आम्ही जावे की नाही?’

जावे, अवश्य जावे. मात्र शेजाऱ्यांनी सांगितलेली भीती चुकीच्या जागी आहे आणि खऱ्या काळजीच्या गोष्टीबद्दल पत्रात एक शब्दही नाही. म्हणून हा विषय सविस्तर घेतो. हल्ली आपल्या जिल्ह्यातून परदेशी जाणाऱ्या ज्येष्ठांची संख्या बरीच वाढली आहे. कोणी मुलीच्या बाळंतपणाला जातो, कोणी सहलीला. त्या सर्वांना याचा उपयोग होईल.

प्रथम विमानाविषयी. मधे एकच वाट असलेल्या विमानांना लहान म्हणायचे ते केवळ जंबोच्या तुलनेत. एअरबस ए-३२१ या विमानात दोनशेहून अधिक माणसे बसतात. आतील रुंदी सुमारे ३.७ मीटर, एका ओळीत सहा खुर्च्या. पूर्वी अशी विमाने आपण मुंबई-दिल्ली मार्गावर पाहत होतो. आता इंधन कमी खाणारी इंजिने आणि जास्तीच्या टाक्या आल्यामुळे त्यांचा पल्ला खूप वाढला आहे. २०२३ साली इंडिगो कंपनीने मुंबईहून नैरोबी व जकार्ता येथे याच जातीच्या विमानांनी सेवा सुरू केली. याच घराण्यातील ए-३२१ एक्सएलआर हे विमान न थांबता ८७०० किलोमीटर जाऊ शकते. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये स्पेनच्या आयबेरिया कंपनीने त्याने माद्रिदहून अटलांटिक ओलांडून अमेरिकेतील बॉस्टनला नियमित प्रवास सुरू केला. कंपन्यांचा हिशेब सरळ आहे. ज्या मार्गावर साडेतीनशे प्रवासी मिळत नाहीत, पण दोनशे मिळतात, तिथे मोठे विमान रिकामे नेण्यापेक्षा लहान भरून न्यावे. प्रवाशाचाही यात फायदा असतो. जिथे पूर्वी आखाती देशात विमान बदलावे लागे, तिथे थेट जाता येते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला परक्या विमानतळावर मैलभर चालण्यातून सुटका मिळते. तेव्हा मी या विमानांच्या विरोधात नाही.

ही गोष्ट अगदी नवीही नाही. एअर इंडियाने १९६० साली बोइंग ७०७ घेतले आणि त्यानेच न्यूयॉर्कपर्यंत सेवा चालविली. त्या विमानातही मधे एकच वाट होती. रुंद पोटाचे जंबो आपल्याकडे १९७१ साली आले. फरक एवढाच, की ७०७ च्या काळी वाटेत थांबे असत. दर काही तासांनी विमान उतरायचे आणि प्रवाशांना पाय मोकळे करायची संधी मिळायची. आताचे अरुंद विमान तेवढ्याच रुंदीत, पण न थांबता सहा, आठ, नऊ तास जाते. आरोग्याच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते इथे.

आता प्राणवायूविषयी. विमान लहान असो वा मोठे, आतील हवेचा दाब यंत्राने राखलेला असतो. तो जमिनीवरच्या इतका नसतो. जास्तीत जास्त ८००० फूट उंचीवर जेवढा दाब असतो तेवढ्यापर्यंत तो उतरू दिला जातो. म्हणजे आपण जवळजवळ उटीला बसलो आहोत असे समजावे, किंबहुना उटीपेक्षा थोडे वर. समुद्रसपाटीच्या हवेत २१ टक्के प्राणवायू असतो. त्या दाबाला तो जणू १५ टक्के असल्यासारखा शरीराला मिळतो. निरोगी माणसाच्या रक्तातील प्राणवायूचे प्रमाण सुमारे ४ टक्क्यांनी उतरते आणि त्याला ते जाणवतही नाही. ड्रीमलायनरसारख्या काही नव्या मोठ्या विमानांत हा दाब ६००० फुटांच्या आसपास राखतात, तेव्हा तिथे थोडे अधिक बरे वाटते हे खरे. पण पत्रलेखकांसारख्या माणसाला या फरकाने काही होत नाही. ज्यांना दोन जिने चढताना दम लागतो, ज्यांचे हिमोग्लोबिन फार कमी आहे, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे किंवा जुना दमा-खोकला विकोपाला गेला आहे, त्यांनी मात्र कोणत्याही विमानात बसण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना दाखवावे. आणखी एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. डोळ्याच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेत कधी कधी डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडतात. तो असेपर्यंत विमानप्रवास करायचा नाही म्हणजे नाही. कमी दाबात तो बुडबुडा फुगतो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. साध्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला हा नियम नाही, लोकांची यात नेहमी गल्लत होते.

एकाच बंद नळकांड्यात दोनशे माणसांचे श्वास, ही भीतीही कोरोनानंतर बऱ्याच जणांच्या मनात बसली आहे. आतील हवा तासाला वीसएक वेळा तरी बदलते आणि फिरवलेली हवा बारीक गाळणीतून जाते. शेजारचा खोकत असेल तर तोंडाला मास्क लावावा, एवढे पुरे.

मग काळजी कशाची करायची? पोटरीची. ऐकून हसू येईल, पण डॉक्टर म्हणून माझे उत्तर हेच आहे.

आपले हृदय रक्त पायाच्या अंगठ्यापर्यंत ढकलते. ते परत वर कसे येते? पायात दुसरे हृदय नाही. ते काम पोटरीचे स्नायू करतात. पोटरीच्या आत खोलवर जाड नीला असतात, म्हणजे अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या शिरा. आपण पाऊल टाकले की स्नायू आवळतात, शीर पिळली जाते आणि रक्त वर सरकते. शिरेतील लहान झडपा ते खाली उतरू देत नाहीत. विहिरीवरच्या हातपंपासारखी ही रचना आहे. दांडा हलविला तर पाणी वर, नाही तर सगळे जागच्या जागी. खुर्चीत गुडघे दुमडून तासन् तास बसले की दांडा थांबतो. रक्त साचते, पाय सुजतात, पादत्राणे घट्ट होतात. बहुतेकांची गोष्ट इथेच संपते, दुसऱ्या दिवशी सूज उतरते. क्वचित एखाद्याच्या साचलेल्या रक्ताचे दही लागावे तशी गुठळी होते. ती खोल शिरेत वाढत मांडीपर्यंत जाते. तिचा तुकडा सुटला, तर तो हृदयाच्या उजव्या बाजूने थेट फुप्फुसाच्या धमनीत जाऊन अडकतो. तुकडा लहान असेल तर दम लागतो, छातीत कळ येते. मोठा असेल तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

हे ज्ञान विमानामुळे झालेले नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४० साली लंडनवर रात्रंदिवस बाँब पडत होते तेव्हा लोक रात्री तळघरांच्या आसऱ्याला जात आणि कापडी आरामखुर्च्यांत बसून झोपत. सकाळी घरी जायला उठलेली धडधाकट दिसणारी माणसे अचानक कोसळू लागली. शवविच्छेदनात फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागच्या बाजूस दाबते आणि रक्त अडते, असे किथ सिम्प्सन या डॉक्टरांनी दाखवून दिले. उपाय अगदी साधा होता. आसऱ्यांत आडवे होण्यासाठी फळ्यांच्या खाटा घालाव्यात, असे सुचविले गेले. पुढे १९५४ साली अमेरिकेतील बॉस्टनचे शल्यविशारद जॉन होमन्स यांनी दीर्घकाळ बसण्याने झालेल्या गुठळ्यांचे काही रुग्ण प्रसिद्ध केले. त्यांत एक डॉक्टरच होते, चौदा तासांचा विमानप्रवास करून आलेले. पुढे या विकाराला ‘इकॉनॉमी क्लास सिंड्रोम’ असे नाव पडले. हे नाव मला पसंत नाही. महागड्या वर्गात न हलता झोपून जाणाऱ्यालाही गुठळी होते आणि एसटीत, मोटारीत, आगगाडीत बसून राहणाऱ्यालाही होते. दोष तिकिटाच्या दरात नाही, न हलण्यात आहे.

वाचकांनी घाबरून जाऊ नये म्हणून आकडेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने या विषयावर मोठा अभ्यास करून २००७ साली अहवाल दिला. चार तासांहून अधिक बसून प्रवास केल्यास गुठळीची शक्यता साधारण दुप्पट होते. पण मूळ शक्यताच इतकी कमी आहे की दुप्पट होऊनही ती सुमारे ६००० प्रवाशांत एक एवढीच राहते. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर १९९३ ते २००० या काळात उतरलेल्या साडेतेरा कोटी प्रवाशांचा हिशेब फ्रेंच डॉक्टरांनी मांडला. त्यांत फुप्फुसात गुठळी अडकून उतरताच रुग्णालयात न्यावे लागलेले ५६ निघाले. पाच हजार किलोमीटरपेक्षा कमी अंतर आलेल्यांत हे प्रमाण नगण्य होते. दहा हजारांच्या वर मात्र दहा लाखांत सुमारे ५ इतके झाले. मुंबई-नैरोबी अंतर साडेचार हजार किलोमीटर भरते. मग चिंता मिटली असे कोणी म्हणेल. पण या हिशेबात विमानतळावरच कोसळलेले धरले आहेत. घरी गेल्यावर आठ-दहा दिवसांनी ज्यांचा पाय सुजला, ते त्यात नाहीत. आणि आपल्याकडचा माणूस फक्त विमानात बसत नाही, हेही त्या आकड्यात नाही.

हा मुद्दा जरा नीट समजून घ्यावा. सांगलीहून मुंबईला रात्रभर बस, आठ-नऊ तास. उशीर नको म्हणून विमानतळावर चार तास आधी हजर, तिथेही सामानापाशी खुर्चीत बसून. मग विमानाचे सहा तास. उतरल्यावर मुलगा गाडी घेऊन येतो, शहरातल्या गर्दीत आणखी तासभर. हा प्रवास सहा तासांचा नाही, जवळजवळ वीस तासांचा आहे. परदेशी लेखकांनी लिहिलेल्या सूचनांत विमानतळ घराजवळ असतो. आपला प्रवास गावच्या स्टँडवर सुरू होतो. त्यामुळे मी माझ्या रुग्णांना सांगतो, विमानाचे तास मोजू नका, घरातून निघाल्यापासून पाय लोंबकळत किती तास राहिले ते मोजा. बसने जायचे तर शयनयान बसचे तिकीट काढा, त्यात निदान पाय आडवे राहतात. जमले तर आदल्या दिवशी मुंबईला नातेवाइकांकडे मुक्काम करा.

लहान विमानात हलणे कठीण असते, ही त्यातली खरी अडचण. मोठ्या विमानात दोन वाटा असतात. एकीत जेवणाची गाडी आली तर दुसरीतून जाता येते, मागे उभे राहायला थोडी मोकळी जागा असते. अरुंद विमानात वाट एकच, तीही जेमतेम दीड-दोन फुटांची. गाडी पुढून निघाली की मागे पोचेपर्यंत सगळे जागच्या जागी. स्वस्त विमानांत दोन ओळींमधले अंतर २८ ते ३० इंच. दोनशे माणसांना स्वच्छतागृहे मोजकीच, त्यांपुढे रांग. विमान हेलकावे खाऊ लागले की पट्टे बांधून बसा अशी सूचना, आणि ती पाळलीच पाहिजे. अशा वेळी आपला संकोची स्वभाव आड येतो. आपली माणसे, विशेषतः बायका, शेजारच्या परक्या माणसाला दोनदा उठवायचे म्हणजे अपराध समजतात. मग उठायला लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंची हकिगत सांगतो. ओळख पटू नये म्हणून गाव व देश सांगत नाही. वय ६१, उंची पाच फुटांच्या आत, वजन थोडे जास्त. यजमानांबरोबर आठ दिवसांच्या सहलीला गेल्या. जाताना-येताना लहान विमानाचे सहा-सात तास, तिथे रोज पाच-सहा तास गाडीतून हिंडणे. बाहेरचे ढग दिसावेत म्हणून यजमानांनी कौतुकाने खिडकीची जागा त्यांना दिली. वाटेकडच्या जागेवर एक अनोळखी गृहस्थ झोपलेले. बाई दोन्ही वेळा एकदाही जागेवरून उठल्या नाहीत. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी डावी पोटरी दुखू लागली. घरच्यांना वाटले, हिंडण्याने शीर धरली असेल. सुनेने दोन रात्री कोमट तेलाने छान चोळून दिली. पाचव्या दिवशी दाखवायला आल्या त्या चालताना पाय दुखतो म्हणून. जाता जाता म्हणाल्या, ‘आणि डॉक्टर, जिना चढताना कालपासून जरा धाप लागतेय.’

टेपने मोजले तर डावी पोटरी उजवीपेक्षा साडेतीन सेंटिमीटरने जाड, हाताला गरम. त्याच दुपारी डॉप्लर सोनोग्राफीसाठी पाठविले. गुठळी मांडीपर्यंत पोचलेली होती. छातीच्या स्कॅनमध्ये फुप्फुसातही तुकडे गेलेले दिसले. रुग्णालयात दाखल करून रक्त पातळ करणारी इंजेक्शने सुरू झाली, मग गोळ्या. आज त्या व्यवस्थित हिंडत आहेत. पण मांडीतली गुठळी मोठ्या तुकड्याने सुटली असती तर त्या माझ्यापर्यंत पोचल्याच नसत्या. म्हणून दोन्ही हात जोडून सांगतो. प्रवासानंतर एकच पाय सुजला, दुखू लागला, तर तो चोळू नका, शेकू नका, मालिशवाल्याला दाखवू नका. चोळण्याने गुठळीचा तुकडा सुटू शकतो. सून प्रेमानेच चोळत होती, तिचा काय दोष? हे कोणी सांगितलेलेच नसते.

त्या बाईंच्या बाबतीत बहुतेक सगळे धोके एकत्र आले होते. खिडकीशेजारी बसणाऱ्यांत गुठळीचे प्रमाण वाटेकडे बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळल्याचा एक अभ्यास आहे, आणि स्थूल माणसांत हा फरक अधिक होता. कारण उघड आहे, खिडकीवाला उठत नाही. उंचीचेही तसेच आहे. हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांना विमानप्रवासात फार उंच माणसांप्रमाणेच १६० सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे साधारण सव्वापाच फुटांपेक्षा, कमी उंचीच्या माणसांतही धोका वाढलेला दिसला. खुर्ची परक्या मापाची. आपल्या आजीबाईंचे पाय जमिनीला टेकतच नाहीत आणि खुर्चीची कड गुडघ्यामागे रुतते. लंडनच्या आरामखुर्चीसारखाच प्रकार. यावर सोपा उपाय म्हणजे हातातली मऊ पिशवी किंवा घडी केलेली शाल पायांखाली घ्यावी, म्हणजे मांडी कडेवर दाबली जात नाही. काही जणी खुर्चीतच मांडी घालून बसतात. थोडा वेळ चालेल, पण तशाच झोपून जाऊ नये.

तेव्हा पहिले काम म्हणजे वाटेकडची जागा मिळवा. तिकीट काढतानाच मुलांना सांगावे. कंपन्या त्यासाठी थोडे जादा पैसे घेतात, ते द्यावेत. परत येताना आणलेल्या चॉकलेटांतून तेवढे सहज वाचतील. नवरा-बायकोने एकाच ओळीत समोरासमोरच्या वाटेकडच्या जागा घेतल्या तर दोघांचेही भागते, गप्पाही होतात. तासाला निदान एकदा उठावे. जेवणाची गाडी यायच्या आधी एक फेरी मारावी, ती गेल्यावर दुसरी. उठता येत नसेल तेव्हा बसल्या जागी टाचा जमिनीवर ठेवून चवडे वर उचलावेत, मग चवडे टेकून टाचा उचलाव्यात. वीस-पंचवीस वेळा, दर अर्ध्या तासाने. आपल्या आज्या पायमशिनवर बसून जे करीत असत तेच हे. पोटरी दमल्यासारखी वाटली की समजावे पंप चालला. पायांशी सामान ठेवून जागा अडवू नये, ते वर टाकावे.

पाणी प्यावे का? प्यावे. विमानातली हवा फार कोरडी असते, घसा आणि डोळे सुकतात. नुसते पाणी प्याल्याने गुठळी टळते असा भक्कम पुरावा नाही, पण पाणी पिणारा माणूस उठतो, हा माझ्या दृष्टीने मोठा फायदा आहे. फुकट मिळते म्हणून दारू पिऊ नये. झोपेची गोळी तर घेऊच नये. गोळीच्या झोपेत माणूस वाकडा-तिकडा पडून चार-चार तास कूस बदलत नाही. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांसाठी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सर्दीच्या, उलटी थांबविण्याच्या व झोप आणणाऱ्या अनेक गोळ्यांनी लघवी तुंबू शकते. स्वच्छतागृहाच्या रांगेला कंटाळून लघवी रोखून धरायची आणि वर अशी गोळी घ्यायची, असे केले तर उतरल्यावर नळी घालायची वेळ येते. पाण्याची, म्हणजे लघवी साफ होण्याची, गोळी चालू असेल तर ती प्रवासाच्या दिवशी कोणत्या वेळी घ्यायची ते आधी विचारून घ्यावे, मनाने बंद करू नये. इन्सुलिन आणि रोजची सर्व औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून वाया जाऊ शकते.

दाबाच्या मोज्यांविषयी बरेच जण विचारतात. हे मोजे गुडघ्यापर्यंतचे असतात आणि घोट्याशी जास्त, वर कमी असा दाब देतात. २००१ साली इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या वरच्या प्रवाशांवर अभ्यास झाला होता. लांबच्या विमानप्रवासात मोजे न घातलेल्या ११६ जणांपैकी १२ जणांच्या पोटरीत लहान, लक्षणे न दिसणाऱ्या गुठळ्या तपासणीत आढळल्या, मोजे घातलेल्यांत एकही नाही. मात्र मोजे घातलेल्या चौघांना, ज्यांच्या शिरा आधीच फुगलेल्या होत्या, वरच्या शिरेला सूज आली. म्हणजे हे सर्वांनी सरसकट घालायचे प्रकरण नाही. धोका जास्त असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून, घोटा व पोटरी मोजून मापाचे घ्यावेत. मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांनी, पायाला जखम असलेल्यांनी किंवा चालताना पोटऱ्यांत गोळे येतात अशांनी विचारल्याशिवाय घालू नयेत. मोजे महाग पडतात म्हणून घरातले क्रेप बँडेज गुंडाळणे तर मुळीच नको. ते सरकून एका जागी आवळते आणि करायला गेलो एक, होते भलतेच.

अॅस्पिरिनचाही असाच गैरसमज आहे. हृदयासाठी डॉक्टरांनी दिली असेल तर ती चालू ठेवावी. केवळ प्रवासातली गुठळी टाळण्यासाठी ती घेऊ नये, असा अमेरिकेतील छातीविकार तज्ज्ञांच्या संस्थेचा २०१२ चा सल्ला आहे. या गुठळीवर तिचा फारसा उपयोग नाही आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका मात्र राहतो.

जास्त धोका कोणाला, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी कधी पायात वा फुप्फुसात गुठळी झालेले, घरात आई-वडील-भावंडांना झालेली असेल असे, कर्करोगावर उपचार चालू असलेले, गेल्या महिना-दीड महिन्यात मोठी शस्त्रक्रिया झालेले, पाय प्लास्टरमध्ये असलेले, फार स्थूल, गर्भवती आणि बाळंतपणाला सहा आठवडे न झालेल्या स्त्रिया. यांच्यापैकी काहींना प्रवासापूर्वी रक्त पातळ करणारे औषध द्यावे लागते, ते ज्याचे त्याने ठरवायचे नाही. संततिप्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या मुलीही यात येतात. आणि एक गोष्ट आपल्याकडे खास आढळते. यात्रा, लग्नकार्य किंवा सहल आली की पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या दुकानातून सर्रास आणल्या जातात. त्यांतील नॉरएथिस्टेरॉन हे औषध शरीरात काही अंशी इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. वर ज्या स्त्रियांची यादी दिली त्यांनी अशी गोळी घेऊन लांबचा प्रवास करणे म्हणजे दुहेरी जोखीम. पाळी आली तर आली. परदेशातही सर्व सोयी मिळतात.

पत्रलेखक आणि त्यांच्या पत्नी यांपैकी कशातच बसत नाहीत. त्यांना मोजेही नकोत आणि गोळीही नको. वाटेकडच्या दोन जागा, पायांत सैल चपला आणि दर तासाला एक फेरी एवढे पुरे. जाण्याच्या आणि येण्याच्या प्रवासात त्यांना दोन महिन्यांचे अंतर आहे, हेही चांगले. थोड्या दिवसांत पुन्हा पुन्हा लांबचे प्रवास केले तर धोका वाढतो. आठ दिवसांच्या सहलींना जाणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

परत आल्यानंतरचे काही आठवडेही महत्त्वाचे असतात. गुठळी प्रवासात धरते, पण लक्षणे नंतर दिसतात, कधी दोन-तीन दिवसांनी, कधी चार-सहा आठवड्यांनीसुद्धा. दोन्ही पाय सारखे सुजले आणि रात्रीत उतरले तर बहुधा काळजी नसते. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, कातडी गरम व तांबूस होणे हे लक्षण असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. अचानक दम लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, थुंकीत रक्त पडणे किंवा घेरी येऊन पडणे यांपैकी काही झाले तर दवाखान्यात रांगेत बसू नये, १०८ ला फोन करून थेट मोठ्या रुग्णालयात जावे. आणि कुठेही गेलात तरी ‘मी अमुक दिवसांपूर्वी लांबचा प्रवास केला आहे’ हे वाक्य पहिल्यांदा सांगावे. रुग्ण ते सांगत नाहीत. त्यांना वाटते, प्रवासाचा आणि पोटरीचा काय संबंध. डॉक्टरही गर्दीत विचारायचे विसरू शकतात, आणि मग दुखणे स्नायूचे समजून वेदनाशामक गोळी दिली जाते.

गुठळी वेळेत सापडली तर उपचार आता बरेच सोपे झाले आहेत. पूर्वी दर थोड्या दिवसांनी रक्त तपासून औषधाची मात्रा बदलावी लागे. नव्या गोळ्यांत बहुतेकांना ते लागत नाही. साधारण तीन महिने गोळ्या चालतात. त्या काळात डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरी वेदनाशामक गोळी घेऊ नये. दात काढायचा झाला तरी दाताच्या डॉक्टरांना या गोळीची चिठ्ठी दाखवावी.